काखेतून काढलेलं, जांघेतून आणलेलं

पायाला खिळा लागून जखम चिघळली, की एकदोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ हाताला लागते. घरातली जुनी माणसं म्हणतात, "अवधाण आलंय." ही गाठ जखमेमुळे नव्याने उगवलेली नसते. ती आधीपासून तिथेच असते, घेवड्याच्या दाण्यासारखी, गप्प. पायाकडून येणारे जंतू अडवायचं काम वाढलं की ती सुजते आणि आपल्याला तिचा पत्ता लागतो.

अशा काहीशे लसिका ग्रंथी आपल्या शरीरात आहेत. काखेत, जांघेत आणि मानेत त्यांचे घोळकेच असतात. हृदय रक्त ढकलतं तेव्हा केशवाहिन्यांमधून थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं बाहेर झिरपतात. हा झिरपा गोळा करून पुन्हा रक्तात नेणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात. त्यांच्यासाठी हृदयासारखा पंप नाही. त्या स्वतःच आकुंचन पावतात, स्नायूंच्या हालचालीचा आधार घेतात आणि हा द्रव ग्रंथींमधून गाळून मानेच्या बुडाशी असलेल्या शिरांपर्यंत पोचवतात. दिवसाकाठी काही लिटर. ही वाट बंद झाली की हात किंवा पाय सुजतो आणि सुजलेलाच राहतो. यालाच लिम्फेडीमा म्हणतात.

2016 मध्ये माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला. दीड वर्षाने उजवा हात सुजायला लागला. बांगड्या साबण लावूनही निघेनात, तेव्हा सोनाराकडून कापून घेतल्या. पोलक्याची उजवी बाही आता डावीपेक्षा दोन इंच सैल शिवावी लागते. एका डॉक्टरांनी तिला सांगितलं, "जीव वाचला ना, मग एवढं चालायचंच." मी सॉफ्टवेअर लिहितो, माझा वैद्यकाशी संबंध नाही. पण हे "एवढं" कुठून आलं आणि त्यावर आजवर कोणी काय केलं, हे शोधावंसं वाटलं.

गोष्ट 1622 पासून सुरू होते. इटलीत गास्पारे आसेली हा शरीरशास्त्रज्ञ नुकतंच खाणं झालेल्या एका कुत्र्याचं पोट उघडून बघत होता. आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढरे दोरे दिसले. आधी त्याला त्या नसा वाटल्या. एक कापला तर दुधासारखा द्रव बाहेर आला. रक्ताभिसरणावरचं हार्वेचं पुस्तक यायला अजून सहा वर्षं होती. पुढे 1653 मध्ये डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिनने या वाहिन्यांना लसिकावाहिन्या या अर्थाचं लॅटिन नाव दिलं. म्हणजे ही व्यवस्था माहीत होऊन साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. तरी सूज कमी करायची म्हणजे तिचं काम पुन्हा सुरू करायचं, हा विचार सर्जरीत रुजायला फार वेळ लागला.

मधल्या काळात सर्जननीच या रोगाचं एक नवं कारण तयार केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेडने स्तनाच्या कॅन्सरसाठी मोठं ऑपरेशन रूढ केलं. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकत्र काढायचं. कॅन्सर ग्रंथींच्या वाटेने पसरतो, म्हणून वाटच काढून टाकायची. अनेक बायकांचे हात नंतर सुजले. 1921 मध्ये हॉल्स्टेडने स्वतःच त्यावर लेख लिहिला आणि त्या सुजेला नाव दिलं "एलेफन्टायसिस किरर्जिका", म्हणजे सर्जरीने झालेला हत्तीरोग. दोष त्याने मुख्यतः जंतुसंसर्गाला दिला. पण नावात खरं कारण येऊन गेलं होतं.

सुजेवरचे उपायही आधी कापाकापीचेच होते. पायाची जाड झालेली कातडी आणि तिच्याखालचं सगळं सोलून काढायचं आणि उघड्या स्नायूंवर त्वचेचं कलम लावायचं, हे ऑपरेशन आजही "चार्ल्स ऑपरेशन" म्हणून ओळखलं जातं. हे नाव ब्रिटिश काळात कलकत्त्यात काम केलेल्या हॅवलॉक चार्ल्सचं. गंमत अशी की 1912 मध्ये त्याने लिहिलं होतं ते अंडकोषाच्या हत्तीरोगाबद्दल. पायाच्या ऑपरेशनला त्याचं नाव 1950 पासून चुकून चिकटलं आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात तसंच उतरत गेलं. त्याच 1912 च्या सुमारास ग्रीसच्या कोन्डोलिऑनने स्नायूंवरचं जाड आवरण कापून द्रव आत मुरवायचा प्रयत्न केला. या उपायांमागचा विचार एकच: काहीतरी जास्त झालंय, ते कापा.

दुसऱ्या बाजूला काही जण वेगळाच प्रश्न विचारत होते: कमी काय पडलंय? 1908 मध्ये लंडनच्या सॅम्पसन हँडलीने सुजलेल्या हाताच्या कातडीखालून धडापर्यंत रेशमी धागे ओवले. दिव्याच्या वातीसारखा द्रव धाग्यातून चढेल अशी त्याची कल्पना. सुरुवातीला गुण दिसला, पण तो टिकला नाही. 1935 मध्ये हॅरोल्ड गिलीजने, पहिल्या महायुद्धात सैनिकांचे चेहरे दुरुस्त करणाऱ्या त्याच गिलीजने, हाताच्या कातडीचा पट्टा टप्प्याटप्प्याने सरकवून सुजलेला पाय आणि धड यांच्यामध्ये पूल बांधला. 1960 च्या दशकात वॉर्सामध्ये निएलुबोविच आणि ओल्शेव्स्की यांनी जांघेतली ग्रंथी अर्धी कापून शेजारच्या शिरेलाच जोडली. कल्पना साधी होती: पुढची वाट बंद आहे, तर इथेच रक्तात सोडा.

दरम्यान, 1960 मध्ये अमेरिकेत जेकबसन आणि सुआरेझ यांनी ऑपरेशनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणून एकदोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या शिवून दाखवल्या. त्यामुळे एक नवीनच गोष्ट शक्य झाली. ग्रंथी एकटी न काढता तिची धमनी आणि शीर यांच्यासकट उचलायची, शरीरात दुसरीकडे न्यायची आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडायची. रक्त मिळालं की ती जगते. स्वतःचीच ग्रंथी असल्यामुळे किडनीच्या प्रत्यारोपणासारखी शरीराने ती नाकारायची भीती नाही आणि आयुष्यभराच्या गोळ्याही नाहीत. 1979 मध्ये हे उंदरांवर जमलं, 1982 मध्ये क्लोडियसने माणसांवरचे पहिले अनुभव लिहिले आणि 1990 मध्ये कुत्र्यांवरचे प्रयोग छापून आले.

हे ऑपरेशन जगभर पोचलं ते कोरिन बेकर या सर्जनमुळे. 2006 मध्ये त्यांच्या गटाने 24 बायकांचे अनुभव प्रसिद्ध केले. स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या या बायकांच्या काखेतला कडक व्रण सोडवून तिथे जांघेतल्या ग्रंथी बसवल्या होत्या. पाच वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर 10 जणींच्या हाताचा घेर पूर्ववत झाला होता, 12 जणींचा कमी झाला होता आणि दोघींना काहीच फरक नव्हता. पुढे तैवानमध्ये याच ग्रंथी काखेऐवजी मनगटाजवळ बसवून पाहिल्या गेल्या. गुरुत्वाकर्षणाने द्रव जिथे साचतो, तिथेच पंप ठेवायचा.

बेकर यांच्याच लेखातला आणखी एक आकडा मला थांबवणारा वाटला. ज्या 16 जणींची किरणोत्सारी द्रव्य टोचून तपासणी झाली, त्यातल्या फक्त 5 जणींमध्ये नव्या ग्रंथी काम करताना दिसल्या. मग बाकीच्यांचे हात कशाने बरे झाले? ग्रंथी नव्या लसिकावाहिन्यांना वाढायला लावतात, असं एक मत आहे. ग्रंथी स्वतःच द्रव शोषून आपल्या शिरेत सोडतात, असं दुसरं. नुसता व्रण सोडवल्यानेही फरक पडतो, असंही काही जण म्हणतात. आमच्या कामात एकाच वेळी तीन बदल करून बग गेला, तर कशामुळे गेला हे सांगता येत नाही. इथे तसंच काहीसं आहे. शिवाय सूज जुनी झाली की द्रवाच्या जागी चरबी आणि तंतू साचतात. ते ग्रंथींना उपसता येत नाहीत. त्यासाठी स्वीडनच्या ब्रॉर्सनने रूढ केलेलं लायपोसक्शन लागतं आणि नंतर घट्ट बाही कायमची घालावी लागते.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र या ग्रंथी आणायच्या कुठून हा आहे. काखेतल्या काढल्या म्हणून हात सुजला. आता जांघेतल्या काढल्या तर? ही भीती खरी ठरली. काही रुग्णांचा ज्या बाजूने ग्रंथी घेतल्या तो पाय सुजला. म्हणून सर्जन आता आधी नकाशा काढतात. पावलात एक द्रव्य टोचायचं आणि पोटाच्या खालच्या भागात दुसरं. पायाची वाट ज्या ग्रंथींमधून जाते त्यांना हात लावायचा नाही. फक्त पोटाकडच्या घ्यायच्या. काही जण हनुवटीखालच्या घेतात, तर काही जण आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा वापरतात.

यात आपल्याकडचा मोठा प्रश्न बाजूलाच राहतो. जगात लिम्फेडीमाचं एक मोठं कारण डासांमधून पसरणारा हत्तीरोग आहे, आणि विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांना तो चांगला ओळखीचा आहे. तिथल्या रुग्णाला मिळतं ते टब, मग, साबण आणि टॉवेल. पाय रोज धुवायचा, कोरडा करायचा, जखम होऊ द्यायची नाही. हे कमी महत्त्वाचं नाही. वारंवार येणारा ताप आणि वाढत जाणारी सूज त्याने रोखता येते. पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास चालणारं ऑपरेशन त्याच्यापर्यंत पोचणं सोपं नाही.

आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडलाय तो ऑपरेशन लहान केल्याने. 1990 च्या दशकात क्रॅग आणि जुलियानो यांनी काखेतली पहिली पहारेकरी ग्रंथी शोधून आधी तीच तपासायची पद्धत आणली. तिच्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. ही ग्रंथी शोधायला लागणारी किरणोत्सारी द्रव्यं आणि यंत्रं सगळीकडे नसतात. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या सर्जननी काखेच्या फक्त खालच्या भागातल्या ग्रंथी काढून तपासायची साधी पद्धत अभ्यासली. तिला किरणोत्सारी द्रव्य लागत नाही, लागतो तो हात बसलेला सर्जन. अशा ऑपरेशननंतर बहुतेक ग्रंथी काखेतच राहतात, आणि पुढे कधी जांघेतून उसन्या आणायची वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते.

म्हणून स्तनाच्या ऑपरेशनआधी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारावा: "काखेतल्या किती ग्रंथी काढणार, आणि सगळ्या का?"