छडीवाचूनची शिस्त

चैत्र-वैशाखात ऊसतोडीच्या गाड्या परत येऊ लागल्या, की आपल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातील वाड्यावस्त्यांवर पुन्हा माणसांची जाग दिसू लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर गेलेली मुलेही त्याच गाड्यांतून उतरतात. सहा महिने धाकटी भावंडे सांभाळून, वाढे गोळा करून आणि कोपीवर भाकरी थापून ही मुले वयापेक्षा थोराड झालेली असतात. शाळेच्या पटावर मात्र ती मागे पडलेली असतात. जूनमध्ये अशी एखादी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसते. विचारलेले तिला येत नाही. बाकीची मुले हसतात. ती उलट बोलते, आणि "बाहेर उभी राहा" असा हुकूम सुटतो. दोन-चार दिवस ती बाहेर उभी राहते, आणि एके दिवशी तेथूनच घरी जाते. पुढच्या हंगामाआधी तिचे लग्न ठरते.

शिस्तीचा प्रश्न आपण गुरुजींचा प्रश्न समजतो. परंतु वरच्या प्रसंगात एका मुलीचा सारा जन्म त्या एका हुकमावर ठरून गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे तो आपणा सर्व आयाबहिणींचा प्रश्न आहे हे पटेल. छडी कायद्याने गेली. तिच्या जागी काय आले पाहिजे? आणि शाळेबाहेर पडलेल्या मोठ्या मुलांसाठी जी निराळी शाळा काढावयाची, तिथे शिस्त कशाच्या बळावर राखावयाची? या प्रश्नाचा शोध आपल्याकडे बराच जुना आहे. त्याची हकीगत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत छडी ही पाटीपेन्सिलीइतकीच आवश्यक वस्तू मानली जाई. अंगठे धरून उभे करणे, कान पिळणे, उन्हात बसविणे हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे होते. यात पंतोजी दुष्ट होते असे नव्हे. मुलाला शाळेत घालताना बापच सांगे, की हाडे आमची, मांस तुमचे! भीतीखेरीज विद्या येत नाही, अशी सर्वांचीच समजूत होती. आपल्या मराठवाड्यात यात आणखी एका अडचणीची भर पडे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते. घरी जी भाषा कोणी बोलत नाही तिच्यात धडा म्हणावयाचा आणि चुकल्यास मार खावयाचा, अशा स्थितीत खेड्यातले पोर शाळेत टिकावे तरी कसे?

बिघडलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या मुलांची गोष्ट याहून कठीण होती. चोरीमारीत सापडलेला मुलगा मोठ्या गुन्हेगारांच्या सोबतीला तुरुंगात जाई. मुंबईत १८५७ च्या सुमारास डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अशा मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा आला. मूल हे गुन्हेगार नव्हे, त्याला शिक्षण आणि धंदा दिला पाहिजे, एवढे तत्त्व सरकारने मान्य केले. हा मोठाच पालट होता. तरी भिंत उंचच राहिली. मुलाला शिस्त लागते ती पहाऱ्याने, हा विश्वास काही गेला नाही.

तो विश्वास हलविला तो साताऱ्याकडच्या एका माणसाने आणि त्याच्या बायकोने. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहात, एका पंगतीत जेवत आणि दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतीचे काम वाटून घेत. मुलांच्या पोटासाठी पैसा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्या घरासाठी आई एवढे करते आणि ज्या घराचे काम आपल्या हातून चालते, तेथे मूल बेशिस्तीने वागत नाही. जबाबदारी ही शिस्तीची पहिली आई होय, हे त्या वसतिगृहाने दाखविले.

याच सुमारास दोन स्त्रियांनी लहान मुलांच्या बाबतीत हाच विचार आणखी खोल नेला. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी कपाळ पुसले गेलेल्या या बाईने पुढे साऱ्या महाराष्ट्राला बालशिक्षण शिकविले. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांत गेल्या.

तेथे मुले शाळेत येत ना. ती गुरांमागे रानात जात. दुसरे कोणी असते तर मुलांना आळशी आणि आईबापांना अडाणी म्हणून मोकळे झाले असते. या दोघींनी कारण शोधले. मूल शाळेत का येत नाही? कारण गुरे कोणी राखावयाची? मग शाळाच कुरणात नेली. गुरे चरत आहेत आणि झाडाखाली मुले शिकत आहेत, अशी ती कुरणशाळा. जी मुले अंगणात खेळत त्यांच्यासाठी अंगणात शाळा भरली. मुले अस्वच्छ आहेत म्हणून त्यांना परत पाठविले नाही. त्यांना न्हाऊ घातले, केस विंचरले, नखे काढली, आणि मग गाणे सुरू केले. मुलाचे वागणे बदलावयाचे तर आधी त्याच्या भोवतालची परिस्थिती बदला, हा तो धडा.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ताराबाईंनी ज्यांच्या पद्धतीवरून आरंभ केला, त्या मारिया माँटेसरी बाईंना शिक्षा नको होतीच, पण बक्षीसही नको होते. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे एका मुलाच्या गळ्यात शाबासकीचे पदक घातलेले होते, आणि दुसरा शिक्षा म्हणून खुर्चीवर बसविलेला होता. कामात दंग झालेल्या पहिल्याने ते पदक सहज दुसऱ्याला देऊन टाकले! ज्याला कामात गोडी लागली त्याला पदकाची मातब्बरी वाटत नाही, हे बाईंनी तेव्हाच ताडले. शिक्षा आणि बक्षीस दोन्ही टाळणारी ही परंपरा पुढेही चालली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, ते याच वाटेवरचे.

ही झाली लहानांची गोष्ट. पण चौदा-पंधरा वर्षांच्या, नापास होऊन शाळा सोडलेल्या मुलांचे काय? पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापला. मोठ्या कंपनीतील शास्त्रज्ञाची नोकरी सोडून हे गृहस्थ खेड्यात येऊन राहिले. शाळेने टाकून दिलेली मुले तेथे लोखंडकाम, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्न आणि आरोग्य यांचे शिक्षण हातांनी काम करीत घेतात आणि गावातील लोकांची कामे करून देतात. वर्गात ज्याचे हात सारखे चाळवत आणि म्हणून जो मार खाई, त्याचेच हात तेथे उपयोगी ठरतात. मुलगा वाईट नव्हता. त्याला दिलेले काम त्याच्या जोगे नव्हते.

आता थोडे परदेशाकडे पाहू, कारण हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात जे नाव ऐकू येते ते तिकडून आले आहे. अमेरिकेत १९९७ साली अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात असे घालण्यात आले, की मुलाचे वागणे अडचणीचे होत असेल तर त्याला वर्तनासाठी सकारात्मक आधार देण्याचा विचार व्हावा. ऑरेगन विद्यापीठातील जॉर्ज शुगाई आणि रॉबर्ट हॉर्नर या अभ्यासकांनी हा विचार साऱ्या शाळेला लागू करण्याची रीत बसविली. पुढे ती शाळेतून काढून टाकलेल्या मुलांच्या निराळ्या हायस्कुलांतही गेली.

रीत समजावयास अवघड नाही. शाळेने तीन-चारच नियम करावयाचे, आणि ते 'करू नका' असे नव्हे, तर 'असे करा' असे सांगावयाचे. 'गोंगाट करू नका' याऐवजी 'दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्या'. हे नियम गणिताप्रमाणे शिकवावयाचे आणि त्यांचा सराव करून घ्यावयाचा. मूल नीट वागले की ते पाहिले गेले आहे, असे त्याला कळू द्यावयाचे. भांडणे कोठे, कोणत्या वेळी, कशावरून होतात याची वही ठेवावयाची. एवढ्याने शंभरातील सुमारे ऐंशी मुलांचे भागते, असा ढोबळ अंदाज धरतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना थोडा अधिक आधार लागतो. उदाहरणार्थ, सकाळी आल्याबरोबर एका ठराविक मोठ्या माणसाला भेटावयाचे, दिवसाचा बेत सांगावयाचा, आणि जाताना त्यालाच दिवस कसा गेला ते सांगावयाचे. अगदी थोड्यांच्या बाबतीत घरापर्यंत जाऊन वागण्यामागचे कारण शोधावे लागते.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की यातील पुष्कळसे आपल्या ताराबाई-अनुताईंनी टेकडीवर आधीच केले होते. एका बाबतीत मात्र दोन वाटा वेगळ्या होतात. अमेरिकेतील अनेक शाळांत चांगल्या वागण्याबद्दल चिठ्ठ्या किंवा गुण देतात, आणि ते जमले की वस्तू मिळते. आमच्या परंपरेला हे रुचणार नाही, आणि मलाही त्याची धास्ती वाटते. आज चिठ्ठीसाठी खरे बोलणारा उद्या चिठ्ठी नसेल तेव्हा काय करील? पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या मुलाने आठ वर्षे शाळेत 'शाबास' हा शब्द ऐकलाच नाही, त्याला पहिली काही पावले टाकण्यापुरती खूण लागते. ती वस्तूची नसावी, शब्दाची आणि विश्वासाची असावी, एवढीच सावधगिरी. "तू हुशार आहेस" असे म्हणण्यापेक्षा "आज तू धाकट्या मुलीला हिशोब समजावून दिलास, ते मी पाहिले" असे म्हणणे बरे. पहिली निव्वळ स्तुती झाली, दुसरी दखल. आणि प्रयोगशाळेची किल्ली किंवा वाचनालयाची वही त्या मुलीच्या हाती सोपविणे हे साऱ्या बक्षिसांहून मोठे.

आपल्या देशात १९८६ च्या शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षा शाळेतून घालविण्याचे म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारच नव्हे, तर मानसिक छळही निषिद्ध केला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे आणि विशेष प्रशिक्षण द्यावे असेही सांगितले. पण तो हक्क सहा ते चौदा वयाचा. पंधराव्या वर्षी परतलेल्या मुलीला हे कलम पुरत नाही. तिच्यासाठी वाटा आहेत त्या निराळ्या: ऊसतोडीच्या काळात गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे, २००४ साली सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, मुक्त विद्यालयाची परीक्षा, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. वाटा आहेत. पण वाटेवर तिला टिकवून धरील असे माणूस पाहिजे.

अशा मुलींच्या शाळेत वा वर्गात ही रीत आणावयाची झाल्यास आरंभ नियमांच्या फलकाने करू नये. तो वहीने करावा. महिनाभर नुसते टिपावे. उशिरा कोण येते? समजा, चार मुली रोज उशिरा येतात. जालन्यात टँकरची वाट पाहात घागरी घेऊन उभे राहणे काय असते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. उशिराचे कारण पाणी असेल, तर शिक्षा देऊन टँकर लवकर येणार नाही. पहिला तास बदलता येईल. मग सर्व शिक्षक, शिपाईमामा आणि स्वयंपाकीणबाई यांनी मिळून तीन नियम ठरवावेत आणि मुलींनाही त्यात बोलू द्यावे. शिक्षकांनी ते आधी स्वतः पाळावेत. ज्या शाळेत गुरुजी ओरडून 'हळू बोला' म्हणतात, तेथे मुले ओरडणेच शिकतात. हे सारे महिन्या-दोन महिन्यांत फळत नाही, आणि मध्येच एखादे दिवशी सारे फसले असे वाटते. तेव्हा छडीची आठवण होते. तेवढा एक दिवस सोसावा लागतो.

यात आपल्या मंडळाला करण्याजोगे एक काम आहे. सकाळी भेटणारे आणि संध्याकाळी विचारपूस करणारे जे 'एक मोठे माणूस' वर सांगितले, ते शिक्षकच असले पाहिजे असे नाही. पटावर साठ मुले असलेल्या शिक्षकाला ते जमणारही नाही. आपल्यापैकी कित्येकींची मुले मोठी होऊन पुण्या-मुंबईस गेली आहेत, दुपार मोकळी असते. एकीने एक मुलगी आपली म्हणावी. तिचे नाव घेऊन हाक मारावी, आज काय झाले ते विचारावे, आणि दोन दिवस दिसली नाही तर तिच्या दारात जाऊन उभे राहावे. रागवायला नव्हे, विचारायला.

लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले. आपल्याकडे तेवढे कोणी मागत नाही. जूनमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसणाऱ्या त्या मुलीला दिवसातून दहा मिनिटे हवी आहेत.