तयार कान

भोर-वेल्ह्याच्या मावळात हरिनाम सप्ताह बसला, की देवळाच्या मंडपात टाळमृदंगाचा कल्लोळ उसळतो. नवख्याला त्यात शब्द उमगत नाहीत. पण भजनात मुरलेल्या वारकऱ्याला अभंगातला एक शब्द चुकला तरी तत्काळ खटकतो. हा कान त्याला कोठून लाभला?

असाच प्रश्न गेल्या शतकाच्या आरंभी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना सुरांविषयी पडला होता. गवयाच्या कानाला जे सूक्ष्म भेद कळतात, ते गणितात मांडता येतील काय? त्यांनी तारेची लांबी मोजून सुरांचे हिशेब केले. या कामी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले. बावीस श्रुतींवरील देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींवर मोठा वाद झाला.

हे भेद किती बारीक असतात? तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार यांत अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढेच अंतर असते. तालमीत वाढलेल्याला ते बोचते. इतरांना त्याचा पत्ताही नसतो.

पण सुरांचा हा सराव बोलणे ऐकतानाही उपयोगी पडतो काय? शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली चिनी भाषेतले चढउतार काही जणांना ऐकवले. ती भाषा कोणालाच येत नव्हती. तरी वाद्य शिकलेल्यांच्या मेंदूच्या मुळाशी ते चढउतार अधिक नेमके उमटले. २००९ साली तेथेच असे दिसले, की गलबल्यातले बोलणे संगीत शिकलेल्यांना अधिक चांगले कळते. मावळातल्या वारकऱ्याला याचे नवल वाटू नये!

मात्र शास्त्रात पहिला शब्द अखेरचा नसतो. २०२५ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुष्कळ अधिक माणसे तपासली, तेव्हा मेंदूच्या त्या प्राथमिक पायरीवर तसा फरक आढळला नाही. सुरांतला भेद ओळखण्यात मात्र संगीत शिकलेले सरसच ठरले. म्हणजे कान तयार होतो तो बहुधा वरच्या मजल्यावर, जेथे लक्ष, स्मरण आणि सवय नांदतात.

गाणे शिकल्याने मूल हुशार होईल, अशी हमी कोणी देऊ नये. पण लक्षपूर्वक ऐकण्याची सवय त्याला लागते, आणि ज्या घरात एकमेकांचे बोलणे नीट ऐकले जाते, त्या घराला ही कमाई थोडी नव्हे.