होलिस्टरच्या टेकड्या आणि फाटकावरची पाटी

मंडळी, नियमांची पाटी ही वाचायची गोष्ट आहे असं आपल्यापैकी फार थोड्यांना वाटतं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे पाटी दिसली की मला आधी प्रश्न पडतो, हा नियम करायची वेळ का आली असेल?

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात. तिथून दक्षिणेला साधारण तासाभरावर होलिस्टर नावाचं गाव आहे आणि गावाजवळच्या टेकड्यांमध्ये सरकारनं डर्ट बाइक, चार जाड चाकांच्या छोट्या गाड्या आणि जीप फिरवण्यासाठी राखलेली जागा आहे. नातवंडांबरोबर मीही गेले. (गाडीवर बसायला नव्हे हं, बघायला!) फाटकावरची लांबलचक पाटी वाचली आणि मग घरी येऊन या गावाचा इतिहास शोधत बसले.

१९४७ च्या जुलैमध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, या चिमुकल्या गावात सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार जमले. दारू, रस्त्यात शर्यती, फुटलेल्या बाटल्या असा दोन-तीन दिवस गोंधळ झाला. 'लाइफ' मासिकात बिअरच्या बाटल्यांच्या ढिगात मोटारसायकलवर बसलेल्या एका माणसाचा फोटो आला. तो मुद्दाम जुळवून काढला असंही म्हणतात. पण गाव देशभर बदनाम झालं. मार्लन ब्रँडोचा १९५३ चा 'द वाइल्ड वन' हा सिनेमा याच प्रकरणावरून सुचलेला.

पुढे साठच्या दशकात हलक्या मोटारसायकली स्वस्त झाल्या आणि लोक वाळवंटात, डोंगरात, जिथे वाट दिसेल तिथे आणि नसेल तिथेही गाड्या घालू लागले. शेतकरी, पायी भटकणारे, निसर्गप्रेमी सगळे वैतागले. सरसकट बंदी घालावी असं एका बाजूचं म्हणणं, तर जमीन सगळ्यांची आहे असं दुसऱ्या बाजूचं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियानं मधला मार्ग काढला. चॅपी आणि झबर्ग या दोन लोकप्रतिनिधींच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. अशा गाड्यांची नोंदणी करायची, फी घ्यायची आणि तो पैसा अशा जागांसाठी वापरायचा. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींसाठी आदेश काढला, की गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे ठरवा. ठरवताना माती, झाडंझुडपं, प्राणी आणि इतर माणसं यांना कमीत कमी त्रास होईल हे पाहा.

कॅलिफोर्निया राज्याची अशी पहिली राखीव जागा १९७५ साली झाली, ती कुठे? याच होलिस्टरला! इतिहासाला असे योगायोग आवडतात.

आता पाटी पुन्हा वाचू. आखलेली वाट सोडू नका, कारण एक गाडी गेली की तिच्या चाकोरीतून दुसरी जाते, मग पाणी जातं आणि पाण्याबरोबर माती. पाऊस पडल्यावर वाटा बंद ठेवतात त्या याचसाठी. सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी हवी, कारण तिथला उन्हाळा कोरडा आणि टेकड्यांवर गुडघाभर वाळलेलं गवत. आवाज मर्यादेत हवा (नव्या गाड्यांना ९६ डेसिबल), कारण शेजारी माणसं राहतात. तंबूंजवळ ताशी १५ मैल, म्हणजे २४ किलोमीटरच, कारण तिथे मुलं खेळत असतात. चार चाकांच्या छोट्या गाडीवर हेल्मेट सक्तीचं, आणि एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसऱ्याला बसवायचं नाही, कारण वळणावर तोल स्वारानं आपलं अंग हलवून सांभाळायचा असतो. वाटांवरही खुणा असतात : हिरवं वर्तुळ सोपी, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड. नातू आधी हिरव्या वाटेवरच गेला. त्याच्या वडिलांची तशी अटच होती.

हे पाळलं नाही तर काय होतं? त्याच राज्यातल्या बारस्टोपासून लास वेगासपर्यंत वाळवंटातून मोठी मोटारसायकल शर्यत होत असे. १९७४ मध्ये सुमारे तीन हजार स्वार धावले. झालेलं नुकसान पाहून सरकारनं पुढच्या वर्षी परवानगी नाकारली. १९८३ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली, पण १९८९ नंतर कायमची थांबली. वाळवंटी कासवाला १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळालं. वाळवंटातली चाकोरी बुजायला कित्येक दशकं लागतात. तेवढा धीर कोणाला असणार?

म्हणून नातवंडांना मी एवढंच सांगितलं, की बाळांनो, ही जागा भांडणातून तडजोड होऊन मिळालेली आहे आणि पाटीवर त्या तडजोडीच्या अटी लिहिल्या आहेत. त्या मोडल्या तर दंड आज एकाला होईल, पण जागा उद्या सगळ्यांची जाईल. धाकटीनं विचारलं, "आजी, मग कासवांना विचारलं होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.