प्रत आणि मूळ



भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो. माऊलींनी ग्रंथ सांगितला शके १२१२ मध्ये. षष्ठीची तिथी मात्र नाथमहाराजांची आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्या कार्याची ती आठवण. म्हणजे वाचकहो, आपला संप्रदाय एका प्रतीचा उत्सव करतो. आज अशाच दुसऱ्या प्रतींची कथा सांगावी असे मनात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे हाताने उतरवून घेतली गेली, त्या चित्रांची.

वारकऱ्याला बौद्ध लेण्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याने जुनी पंचांगे काढून पाहावीत. दशावतारांच्या ओळीत नवव्या जागी बुद्ध म्हणून विटेवरचा पांडुरंगच उभा दिसतो. आपल्या संतांनीही विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. तेव्हा वाघूर नदीकाठच्या त्या भिंती आपल्याला परक्या नाहीत.

नांदेड-लातूरकडच्या माणसाला तर आणखी एक नाते आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण आणि अजिंठा एकाच निजामी राज्यात होतो. त्या राजवटीच्या आपल्याकडच्या आठवणी कडू आहेत आणि त्या खोट्याही नाहीत. पण १९१४ मध्ये त्याच राज्यात पुरातत्त्व खाते निघाले, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले आणि अजिंठ्याच्या चित्रांचे चार भागांतले मोठे ग्रंथ त्यांनी सिद्ध केले. खर्च राज्याचा, म्हणजे आपल्या पणजोबांनी भरलेला साराही त्यात आलाच.

आता मूळ चित्रे कशी आहेत ते पाहा. कातळावर माती, भुसा, तंतू कालवून गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर रंग भरले. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती. निळा तेवढा परदेशातून आलेल्या दगडाचा. काही चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची, बहुतेक वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली. ओल शिरली, वटवाघळे राहिली, येणाऱ्यांनी भिंतींवर नावे कोरली. गिलावा सुटला की चित्र गेले. मूर्तीचे नाक झिजले तरी मूर्ती उरते. चित्राचे तसे नाही.

१८४४ मध्ये मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी प्रती काढण्याच्या कामावर नेमला गेला. वर्षानुवर्षे तो तिथेच राहिला. त्याची मोठाली तैलचित्रे लंडनला गेली, सिडनहॅमच्या काचमहालात मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत थोडी सोडून सगळी जळाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले. १८८५ पर्यंत सुमारे ३०० चित्रे झाली. तीही लंडनला गेली आणि त्याच वर्षी तिथल्या आगीत त्यांतलीही बरीच गेली! उरली ती आज तिथल्या संग्रहालयात आहेत. भिंतीवरचा जो भाग नंतर गळून पडला, तो त्यांपैकी काहींत अजून दिसतो. विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजींचे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे. बाकीच्यांची नावे ग्रिफिथ्सच्या नावाखाली झाकली गेली. हे मला खटकते. ज्ञानेश्वरी लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आपण अजून घेतो.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वॉर्निश फासले. तेवढ्यापुरता रंग उजळला, पण वॉर्निश पुढे पिवळे पडले, तडकले आणि रंगाचे पोपडे सोबत घेऊन निघू लागले. ते निस्तरायला १९२० मध्ये निजाम सरकारला इटलीहून दोन जाणकार बोलवावे लागले. प्रतीच्या लोभाने मूळ दुखावले. नाथांनी काय केले? अनेक पोथ्या ताडून पाहिल्या, अपपाठ काढले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. स्वतः एवढे समर्थ कवी असून!

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या विदुषी हिवाळ्यात येऊन प्रती काढत. नंदलाल बोस, असितकुमार हलदार हे त्यांच्या साथीला होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमद. ते पुढे याच लेण्यांचे रखवालदार-अधिकारी झाले आणि प्रती काढीतच राहिले. आपल्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार आणि कीर्तनकार. त्यांनीही १९३२ मध्ये अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणी विचारील, एवढी माणसे नक्कल का करीत बसली? जपानमध्ये होर्यूजी नावाचे मंदिर आहे, तिथली भित्तिचित्रे अजिंठ्याच्या कुळातली मानतात. २६ जानेवारी १९४९ रोजी, प्रती काढण्याचे काम चालू असतानाच, तिथे आग लागली आणि चित्रे करपली. आधी घेतलेली छायाचित्रे आणि उतरवलेल्या प्रती होत्या, म्हणून १९६७-६८ मध्ये त्या भिंतींसाठी चित्रे पुन्हा काढता आली.

आपल्याकडे काय चालले आहे? औसा तालुक्यात खरोसा येथे जांभ्या दगडातली लेणी आहेत, तिथल्या मूर्ती झिजत चालल्या आहेत. गावोगावच्या देवळांत सभामंडपाच्या भिंतींवर, कमानींच्या आत जुन्या हातांनी काढलेले दशावतार, गजेंद्रमोक्ष असतात. जीर्णोद्धाराची वर्गणी जमते आणि पहिला फिरतो तो ऑइल पेंटचा ब्रश. नाहीतर फरशी बसते. हेतू भक्तीचाच असतो, म्हणून बोलायला जड जाते.

तुमच्या देवळात असे काही असेल तर रंगारी बोलावण्याआधी शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींना बोलवा. भिंतीला पाणी लावू नका, तेल लावू नका, कागद चिकटवू नका. समोर बसून, आहे त्या मापाने, आहे त्या रंगात उतरवून घ्या. जिथे गिलावा गळाला आहे तिथे कागद कोराच ठेवा. गेलेला हात आपल्या कल्पनेने भरू नका. फोटोही काढा, पण रेघ कुठून सुरू होऊन कुठे वळली हे समोर बसून काढणाऱ्या हाताला अधिक कळते. मागे तिथी, शके आणि काढणाऱ्याचे नाव घाला. दोन प्रती करा आणि दोन्ही एका छपराखाली ठेवू नका.