आडवं व्होल्टेज

अर्धापूरला नांदेडची एसटी लागायला वेळ आहे. तेवढ्यात २८ ऑक्टोबर १८७९ गाठा.

बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवलाय, भोवती विद्युतचुंबकाचे ध्रुव. तुम्ही एडविन हॉलच्या पाठीशी उभे आहात. पोरगा तेवीस वर्षांचा. चुंबकाचा जोर तारेवर पडतो, तिच्यातल्या प्रवाहावर नाही, असं खुद्द मॅक्सवेल लिहून बसलेत. हॉलला ते पटलेलं नाही. जाड धातूत काही दिसेना, तेव्हा प्राध्यापक रोलंडनी वर्ख सुचवला. चुंबक चालू होतो आणि गॅल्व्हानोमीटर हलतो! प्रवाह लांबीने वाहतोय, व्होल्टेज रुंदीवर उभं राहिलंय. तिकडे केंब्रिजात मॅक्सवेल अंथरुणाला खिळलेत; ५ नोव्हेंबरला जातील.

डावं-उजवं अगदी सारखं असेल, तर इलेक्ट्रॉनने एका बाजूला झुकावं कशाला? सममिती मनाई करते, चुंबक ती मनाई उठवतो. मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात मनाईच अधिक रंजक.

ही सममितीच बदलली तर? आता सिएटल, २०१९. क्रोमियम आयोडाइडचा एकच अणुथरही चुंबक असतो, पण ४५ केल्विनखाली, म्हणजे उणे २२८ अंशांच्या गारठ्यात, हे २०१७ साली कळलंय. दोन थर घेतले की त्यांची चुंबकत्वं एकमेकांविरुद्ध, बेरीज शून्य. ट्रकमध्ये केळीचे घड रचताना खालचा बोटभर सरकला की वरचा वेगळाच बसतो, हे अर्धापूरकरांना सांगायला नको. इथेही दाब दिल्यावर थर सरकतात, स्फटिकाची सममिती बदलते, दोन्ही चुंबकत्वं एका दिशेला येतात. मग थरांच्या आरपार निसटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाढतो. दाब काढला तरी रचना मागे फिरत नाही.

शेवटी कुलाबा, २०२२. टीआयएफआर या संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाचा नमुना बघा. यात चुंबकत्वच नाही. ग्राफीनचे दोन दुहेरी पापुद्रे, एकमेकांना अंशभर पीळ देऊन ठेवलेले. ताणामुळे त्यांची तिहेरी सममिती मोडलेली. प्रत्यावर्ती प्रवाह सोडलात की आडवं व्होल्टेज मिळतं, तेही दुप्पट वारंवारतेचं. बाहेरचा चुंबक लागतच नाही. गेट नावाच्या विद्युताग्रांचं विद्युतक्षेत्र हळूहळू वाढवत न्या. एका टप्प्यावर त्या व्होल्टेजचं चिन्हच उलटतं. नमुना तोच, पीळ तोच. बदलली ती इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांची घडण.