डोळ्यांत उतरलेले पाणी

आमच्या घरी नानींच्या डोळ्यांचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येई, ‘आंख में पानी उतर्‍या है.’ शाळेत त्यालाच मोतीबिंदू म्हणायला आम्ही शिकलो. हे पाणी आले कुठून, हे शोधता शोधता आम्ही बगदादला पोहोचलो.

युनानी हकीम या विकाराला ‘नुजूलुल-मा’ म्हणतात, म्हणजे पाण्याचे उतरणे. एक द्रव डोळ्यात उतरतो, बाहुलीमागे गोठतो आणि नजरेची वाट अडवतो, असा ग्रीकांपासूनचा समज होता. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक यांनी ग्रीकांची नेत्रविद्या अरबीत आणली. (हुनैन ख्रिस्ती होते, हे आपल्याकडच्या गौरवाच्या भाषणांत सहसा सांगितले जात नाही.) पुढे अरबीतून लॅटिनमध्ये जाताना या पाण्याचा ‘धबधबा’ झाला, ‘कॅटरॅक्ट’चा मूळ अर्थ तोच.

इलाज त्याहून जुना. सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आहे. डोळ्यात सुई घालून आडवा आलेला पडदा बाजूला ढकलायचा. उजेड दिसे, पण धूसर. जखम चिघळली तर डोळाच जाई. इ.स. १००० च्या सुमारास मोसलच्या अम्मार इब्न अली यांनी इजिप्तमध्ये खलिफा अल्-हाकिमच्या काळात पोकळ सुई वापरली आणि ‘पाणी’ शोषून बाहेर काढले. हात धाडसी, समज मात्र जुनाच. त्याच काळात तिथेच इब्न अल्-हैसम प्रकाशाचे नियम मांडत होते; पण पाहण्याची जाणीव भिंगातच होते, असे तेही मानत. मग भिंगावरच संशय कोण घेणार?

तो घेतला गेला १७०५ मध्ये. ब्रिसो या फ्रेंच वैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा उघडला. पाणी नव्हतेच, भिंगच गढूळ झाले होते. पॅरिसच्या विद्वानांना हे लवकर पटले नाही. १७४७ मध्ये दाव्हिएल यांनी ते भिंगच काढले आणि १९४९ मध्ये लंडनला हॅरल्ड रिडली यांनी त्या जागी कृत्रिम भिंग बसवले.

भिंगातली प्रथिने वयोमानाने गोळा होतात, प्रकाश विखुरतो. दिव्याभोवती कडे दिसते, रंग पिवळट होतात. काहींना मध्येच चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि घरचे खूश होतात! आमच्याकडेही तसेच झाले. नंतर अक्षरे पुसट झाली, नानींची तिलावत सुटली, तरी ‘पिकू द्या, मग काढू’ म्हणत आम्ही वर्षे घालवली. हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेचा. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, हे आम्हाला उशिरा कळले.

ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी भिंगाचे चित्र काढून सगळे समजावले. नानींनी मान डोलावली आणि भेटायला आलेल्या प्रत्येकीला सांगितले, ‘पानी उतर्‍या था, निकाल दिये.’