ॲल्विन

ॲल्विन : समुद्रतळाच्या अभ्यासासाठी माणसांना घेऊन खोल पाण्यात उतरणारी अमेरिकी संशोधन पाणबुडी. मालकी अमेरिकी नौदलाची. चालवते मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल सागरविज्ञान संस्था. ती ५ जून १९६४ रोजी सेवेत आली. अशा वाहनाचा सतत आग्रह धरणारे संशोधक ॲलिन व्हाइन यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. दर काही वर्षांनी ती पूर्ण सुटी करून पुन्हा जोडतात, त्यामुळे १९६४ सालचा एकही भाग आज तिच्यात उरलेला नाही.

एका बुडीत तिघे जातात, बहुधा एक चालक आणि दोन संशोधक. ते बसतात ती जागा म्हणजे टायटॅनियमचा पोकळ गोल. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो आणि ६,५०० मीटरवर तो साडेसहाशे पटींवर जातो. गोलाला कोपरे नसल्याने हा भार सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. आधीचा पोलादी गोल सुमारे १,८०० मीटरपर्यंतच चालत असे. १९७३ साली टायटॅनियम आल्यावर ही मर्यादा दुप्पट झाली.

उतरताना यंत्रबळ वापरत नाहीत, कारण बॅटरी तळावरच्या कामासाठी राखायची असते. पोलादी वजनांच्या भाराने पाणबुडी मिनिटाला सुमारे ३० मीटर या गतीने बुडत राहते. बाहेर काळोख दाटतो, आत गारठा वाढतो, गोलाच्या भिंतींना दव सुटते. वर कितीही उकाडा असला तरी संशोधक लोकरी कपडे घेऊनच बसतात. तळाजवळ काही वजने सोडून पाणबुडी तरंगती केली जाते. मग यांत्रिक हातांनी खडक, चिखल, जीव उचलून पुढच्या टोपलीत ठेवायचे आणि उरलेली वजने टाकून वर यायचे.

तिचे नाव जगाला कळले ते १९६६ साली. स्पेनमधील पालोमारेस गावावर दोन अमेरिकी लष्करी विमानांची टक्कर होऊन चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. तीन जमिनीवर सापडले, चौथा भूमध्य समुद्रात गेला. फ्रान्सिस्को सिमो ओर्ट्स या कोळ्याने तो पडताना पाहिला होता आणि जागाही दाखवली होती. ॲल्विनने मार्चमध्ये तो शोधला. एप्रिलमध्ये केबलवर चालणाऱ्या मानवरहित यंत्राच्या मदतीने तो वर काढण्यात आला.

१६ ऑक्टोबर १९६८ रोजी मात्र ती स्वतःच बुडाली. जहाजावरून पाण्यात सोडताना पोलादी दोर तुटले आणि उघड्या झाकणातून पाणी आत शिरले. तिघेही कसेबसे बाहेर पडले, पाणबुडी सुमारे १,५०० मीटर खाली गेली. दहा महिन्यांनी तिला वर काढले तेव्हा आतली सँडविच, सफरचंदे आणि सूप भिजलेले होते, पण नासलेले नव्हते. तेच अन्न शीतकपाटात ठेवल्यावर काही आठवड्यांतच खराब झाले. थंडी आणि दाब एकत्र आले की जीवाणूंचे काम फार मंदावते, हे होल्गर यानाश यांनी या शिदोरीवरून दाखवले. समुद्रात कचरा टाकला की तो आपोआप कुजून जाईल, या समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला.

तिची सर्वांत मोठी कामगिरी १९७७ सालची. गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर तळातून गरम पाणी येते का, हे पाहायला भूवैज्ञानिक गेले होते. आधी ओढत नेलेल्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांत शिंपल्यांचा पुंजका दिसला. ॲल्विनमधून पाहिले तर गरम झऱ्यांभोवती शिंपले, खेकडे आणि तांबड्या तुऱ्यांचे लांबलचक नळीकृमी! मोहिमेवर एकही जीववैज्ञानिक नव्हता. नमुने टिकवायला रसायनही अपुरे, म्हणून काही व्होडकात ठेवले. या कृमींना तोंड नाही, आतडे नाही. त्यांच्या शरीरातले जीवाणू हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा मिळवून त्यांना पोसतात, हे नंतर कोलीन कॅव्हनॉ यांनी मांडले. सूर्यप्रकाशाच्या आधाराने चालणाऱ्या अन्नसाखळीशिवायही भरगच्च जीवसृष्टी उभी राहते, ही गोष्ट जीवशास्त्राच्या पुस्तकांत तेव्हापासून आली.

१९७९ साली पूर्व पॅसिफिक कटकावर काळे पाणी ओकणारी धुराडी दिसली. तिथे तापमापकाची दांडीच वितळू लागली. पुढे मोजलेले तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास निघाले. प्रचंड दाबामुळे एवढे तापूनही ते पाणी उकळत नाही.

१९८६ साली सागरसंशोधक रॉबर्ट बॅलार्ड हिच्यातूनच टायटॅनिक या बुडालेल्या जहाजापाशी उतरले. नव्या बांधणीनंतर २०२२ साली ती प्वेर्तो रिको गर्तेत ६,४५३ मीटरपर्यंत गेली.

हिंदी महासागरात तळावरच्या अशा गरम झऱ्यांचा शोध भारतही घेतो आहे. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांनी २०२४ साली मानवरहित वाहन उतरवून सुमारे ४,५०० मीटर खोलीवरच्या एका सक्रिय झऱ्याची छायाचित्रे घेतली. चेन्नईच्याच संस्थेकडे ‘मत्स्य-६०००’ या भारतीय पाणबुडीचे काम आहे. तिघांची जागा, २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल आणि ६,००० मीटरचे उद्दिष्ट, अशी तिची आखणी आहे.